डोक्यावर की हँडलवर?

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे, किंवा पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणीकडे निघालात, तर एक नवी जमात हमखास भेटते. पाच-सात मोटारसायकलींचा ताफा, अंगात जाडजूड जाकिटे, गुडघ्यांना वाट्या, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा एक चौकोनी डबा. कुणाच्या हेल्मेटच्या टाळूवर तो शेंडीसारखा उभा, कुणाच्या कानशिलाला चिकटलेला, कुणाच्या हनुवटीपुढे लोंबणारा, तर कुणी तो छातीवर पट्ट्यांनी आवळून बांधलेला. वडापावच्या गाडीशी हे वीर थांबतात तेव्हा शेजारची लहान मुले आईला विचारतात, 'हे चंद्रावर चाललेत का?' आईला काय उत्तर द्यावे कळत नाही. ती म्हणते, 'शूटिंग आहे.'

खरेच शूटिंग असते. पूर्वी फिरायला गेलेला माणूस परत येऊन सांगायचा; आता तो परत येऊन दाखवतो. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मी स्वतः बँकेच्या नोकरीत असताना कोकणातल्या एका शाखेची कर्जवसुली राजदूतवर बसून केली आहे. त्या लाल मातीच्या वाटा, ओढ्यातून ढकलत नेलेली गाडी आणि अंगणात शिरल्याबरोबर मागच्या दाराने पसार होणारा कर्जदार यांचे चित्रण आज हाती असते तर माझ्या निदान दोन कादंबऱ्यांतले कष्ट वाचले असते. तेव्हा प्रश्न चित्रण करावे की नाही हा नाही. कॅमेरा कुठे लावायचा, हा आहे. आणि दिसतो तितका तो किरकोळ नाही. त्या एका निर्णयात डोक्याची सुरक्षितता आहे, कोर्टातला पुरावा आहे, रस्त्यावरच्या तिऱ्हाईत बायामाणसांची अब्रू आहे, आणि गाडी चालवणाऱ्याची अक्कलही आहे.

या कॅमेऱ्याचा जन्म मोटारसायकलीवर झालेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाला समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा नाद होता. स्वतःचे फोटो काढायला हात मोकळे नाहीत, म्हणून त्याने २००२ मध्ये 'गोप्रो' कंपनी काढली आणि २००४ मध्ये मनगटावर बांधायचा, रीळ घालायचा कॅमेरा बाजारात आणला. पुढे रीळ गेले, व्हिडिओ आला, आणि कॅमेरा मनगटावरून निघून माणसाच्या अंगावर व वाहनावर सर्वत्र फिरू लागला. लाटेवरून पडलेला माणूस पाण्यात पडतो. घाटात पडलेला डांबरावर पडतो. समुद्रासाठी जन्मलेली वस्तू आपण डांबरावर आणली, आणि जागा मात्र ज्याने त्याने आपापल्या हौसेने ठरवली.

जागेने चित्र किती बदलते याचा एक नमुना सिनेमाच्या इतिहासात आहे. १९७६ मध्ये क्लोद ललूश या फ्रेंच दिग्दर्शकाने एका पहाटे गाडीच्या पुढच्या बंपरवर, म्हणजे रस्त्यापासून अगदी खाली, कॅमेरा बसवून पॅरिस शहर एका दमात पार केले. आठ-नऊ मिनिटांचा तो लघुपट पाहताना आजही पोटात गोळा येतो. गाडी होती मर्सिडीज. आवाज मात्र नंतर फेरारीचा जोडला. वेग होताच, पण भासतो तो त्याहून कितीतरी जास्त, कारण कॅमेरा जमिनीच्या जितका जवळ, तितका रस्ता खालून सुसाट पळताना दिसतो. हाच कॅमेरा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर न्या, म्हणजे तोच वेग निम्मा वाटू लागतो. आपल्याकडच्या पोरांना हे गणित ललूशचे नाव न ऐकताही उमगले आहे. म्हणून ज्याला थरार दाखवायचा तो कॅमेरा इंजिनापुढच्या लेगगार्डला बांधतो आणि ज्याला सह्याद्री दाखवायचा तो डोक्यावर. साठच्या वेगाने जाऊन शंभरचा भास निर्माण करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. शंभरने जाऊनही चित्र संथ वाटते म्हणून सव्वाशेने जाणाऱ्यांबद्दल आहे.

आता डोक्याकडे वळू. हेल्मेट या विषयावर पुणेकरांसमोर बोलणे धोक्याचे, हे मला ठाऊक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा या सुसंस्कृत शहरात हेल्मेटविरोधी कृती समिती होती आणि मोर्चेही निघाले. परंतु आकडे मोर्चाला घाबरत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. आणि हेल्मेट नसताना गेलेल्यांची संख्या ५०,०२९. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे बहुधा कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाचा शाळकरी मुलगा. या देशात डोक्यावर काय आहे हा चेष्टेचा विषय नव्हे.

कॅमेऱ्याला डोक्यावरच जागा का हवी असते? कारण तिथून सर्वांत चांगले दिसते. मान वळली की चित्र वळते, पाहणाऱ्याला आपणच गाडीवर बसलो आहोत असे वाटते. शिवाय माणसाची मान आणि कणा हे निसर्गाने दिलेले उत्तम शॉकअप आहेत. खड्ड्यांचे हादरे तिथपर्यंत पोचता पोचता मवाळ होतात. पण हेल्मेटचे कवच गोल आणि गुळगुळीत असते ते शोभेसाठी नव्हे. पडल्यावर डोके रस्त्यावर आपटते आणि मग घसरत जाते. घसरताना ते कशात अडकू नये, एका जागी खिळून मान पिळवटू नये, म्हणून ते गुळगुळीत. त्यावर आपण चिकटवतो एक टणक, कोपरे असलेला डबा. घसरण्याच्या वाटेत ठेवलेला तो दगडच.

जर्मन शर्यतपटू मायकेल शूमाखर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेल इथे बर्फावर घसरून पडला आणि त्याचे डोके खडकावर आपटले. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्याने इजा वाढवली का, यावर पुढे जगभर तर्कवितर्क झाले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यावर शेवटचा शब्द कुणी उच्चारलेला नाही आणि त्या बिचाऱ्या माणसाच्या दुर्दैवावर आपला युक्तिवाद उभा करणे मला प्रशस्त वाटत नाही. मात्र त्याच कॅमेऱ्यातले चित्रण तपास अधिकाऱ्यांनी पाहिले आणि अपघात कसा घडला हे ठरवताना ते उपयोगी पडले, हेही तितकेच खरे. एकच वस्तू, संशयित आरोपी आणि साक्षीदार, दोन्ही.

केरळच्या मोटार वाहन खात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये हा गुंता आपल्या परीने सोडवला. हेल्मेटवर कॅमेरा दिसला तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, असे जाहीर करून टाकले. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट न घालणाऱ्याला जी शिक्षा आहे, तीच. म्हणजे कॅमेरा चिकटवलेले हेल्मेट हे हेल्मेटच नव्हे, असा त्याचा अर्थ. स्वारांनी आरडाओरडा केला. मला त्या निर्णयाची दिशा पटते, रीत पटत नाही. १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक संस्थेचा शिक्का असलेलेच हेल्मेट विकता येते. मग त्या शिक्क्याच्या कसोटीतच जोडकामाचे काय, हे स्पष्ट लिहावे. कारखान्यातच तपासलेली, धक्का बसताच निखळून पडेल अशी बैठक असलेले हेल्मेट बाजारात आले, तर चौकातल्या हवालदाराने पट्टी घेऊन डोकी मोजत बसण्याची वेळ येणार नाही. तोवर माझे मत सरळ आहे : टाळूवर आणि कानशिलावर मुळीच नको. हनुवटीपुढची जागा चित्राला सर्वांत गोड, हे मान्य. पण पडल्यावर रस्त्याला आधी भेटणाऱ्या भागांपैकी हनुवटी एक असते, हेही विसरू नये.

'मामा, तुम्ही उगाच घाबरवता. मग लावायचा तरी कुठे?' हा माझ्या भाच्याचा प्रश्न. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, आणि शनिवार-रविवारी घरच्यांना सापडत नाही.

त्याला मी विचारले, 'तुला काय दाखवायचंय ते आधी सांग. रस्ता, की तू?'

'दोन्ही.'

'आणि कुणी येऊन ठोकलं तर?'

'तेही दिसायला पाहिजेच की.'

इथेच मेख आहे. बँकेच्या शाखांमध्ये कॅमेरे आले त्या काळात आम्ही याच प्रश्नावर तासन्‌तास बसलो आहोत. बसवायला आलेला माणूस विचारायचा, 'साहेब, रोखपालाचे हात दिसायला हवेत, की खिडकीसमोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा?' दोन्ही एका कॅमेऱ्यात नीट येत नसत. हात दिसले तर नोटांचा हिशोब लागतो, चेहरा दिसला तर चोर सापडतो. आणि एटीएमच्या खोलीत याच्या उलट पथ्य : माणूस दिसावा, पण त्याची बोटे कोणते आकडे दाबतात ते चुकूनही दिसू नये. कॅमेऱ्याने काय पाहू नये, हेही जागा ठरवतानाच ठरवावे लागते, हा धडा मी तिथे शिकलो.

तोच हिशोब मोटारसायकलीला लावून पाहा. हँडलवर किंवा आरशाच्या दांडीवर लावलेला कॅमेरा गाडी जिकडे जाते तिकडे पाहतो. डोक्यावरचा कॅमेरा स्वार जिकडे पाहतो तिकडे पाहतो. फरक बारीक वाटतो, पण उद्या समोरून येणाऱ्या टेम्पोने धडक दिली आणि त्या क्षणी स्वाराची मान धबधब्याकडे वळलेली असली, तर डोक्यावरच्या कॅमेऱ्यात टेम्पो नसेलच, धबधबा असेल. टेम्पोवाल्याच्या वकिलाला याहून चांगला साक्षीदार कुठून मिळणार? छातीवरच्या कॅमेऱ्यात हात, क्लच, ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत वेगाचा काटाही येतो. ब्रेक दाबला होता की नाही याला तो निर्विवाद साक्षी. पण टाकीवर वाकून बसणाऱ्याच्या छातीवरून टाकीच जास्त दिसते, रस्ता कमी.

हँडलचे दुखणे वेगळे. तिथे कंप फार. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाची धडधड हँडलमध्ये उतरते आणि चित्र जेलीसारखे डुलायला लागते, कारण हे कॅमेरे चित्र एकदम न टिपता ओळीओळीने, वरून खाली टिपत जातात आणि तेवढ्यात हँडल हललेले असते. कॅमेऱ्यातली यंत्रणा बरेचसे सांभाळून घेते, पण ज्याने मोबाइलच हँडलला बांधला त्याचे काय? सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने स्वतःच बजावले की, मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कंपाने आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा कालांतराने बिघडू शकते. तेव्हा फोन असा थेट बांधू नका. लाखभर रुपयांची वस्तू रस्ता विचारायला हँडलला बांधून फिरणाऱ्या कितीजणांनी हे वाचले असेल? भाच्याने वाचले नव्हते.

पुराव्याचे प्रकरण इतक्यावर संपत नाही. 'माझ्याकडे व्हिडिओ आहे' एवढे म्हटल्याने कोर्टात व्हिडिओ उभा राहत नाही. याबद्दलचा देशातला अलीकडचा महत्त्वाचा निवाडा आपल्या जालन्यातूनच गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांची उमेदवारी मुदतीनंतर दाखल झाली, असे कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते, आणि त्यांची भिस्त होती निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणावर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने नियम पक्का केला : मूळ यंत्रच मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर गोष्ट वेगळी, पण नक्कल देणार असाल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र कायम आहे, उलट अधिक तपशिलाचे झाले आहे. याचा साधा अर्थ असा, की अपघात झाल्यावर चित्रण कापून, वर गाणे चढवून मित्रांना पाठवण्याआधी मूळ कार्ड काढून बाजूला ठेवावे. व्हाउचर फाडून त्याची झेरॉक्स फाइलला लावणारा कारकून आम्ही कधी खपवून घेतला नाही.

पण माझ्या मते या कॅमेऱ्यांचा सर्वांत अवघड भाग वेगळाच आहे, आणि त्याबद्दल स्वारांच्या गप्पांत अवाक्षर निघत नाही. या कॅमेऱ्यांची भिंगे फार रुंद पाहतात. स्वाराला समोरचा रस्ता हवा असतो, पण भिंगात दोन्ही बाजूंचा गाव येतो. ओढ्यावर धुणी धुणाऱ्या बायका, पावसात भिजलेल्या कॉलेजच्या मुली, दारात बसलेला म्हातारा, नाक्यावर ज्याच्याशी हुज्जत घातली तो पोलीस, सगळे. डोक्यावरचा कॅमेरा तर मान वळेल तिकडे वळतो, आणि मान कुठे वळते हे तरुणांना मी सांगायला नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. स्वतःच्या, घरगुती कामासाठी केलेल्या नोंदींना त्या कायद्यात सूट आहे. पण जो हे चित्रण वाहिनीवर चढवून जाहिरातींचे पैसे घेतो, त्याचे काम घरगुती कसे? कोर्ट यावर काय म्हणायचे ते म्हणेल. माझ्या बँकेच्या भाषेत तो बचत खात्यावर दुकान चालवतो आहे.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गोव्याच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरिकांनाच वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांची छायाचित्रे व चित्रणे पाठवायला सांगितले आणि त्यांना गुण व बक्षिसे दिली. कल्पना चांगली होती. पण चित्रण करणाऱ्यांवर लोक धावून जाऊ लागले. शेजाऱ्यावर डोळा ठेवणारा माणूस आपल्याकडे गावात कधी लोकप्रिय नव्हताच. रात्री-अपरात्री एकट्याने स्कूटरवरून कामाहून परतणाऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. गाडीला पुढे-मागे बसवलेला, चावी फिरवताच आपोआप सुरू होणारा कॅमेरा तिला खरोखर आधार वाटेल. तिचा पाठलाग करणाऱ्याचा नंबर मागच्या भिंगात आला, तर तिथे मी खासगीपणाची चर्चा करणार नाही. गंमत म्हणजे असला मागचा कॅमेरा घाटातल्या हौशी वीरांकडे क्वचितच दिसतो. मागून काय येते यात प्रेक्षकांना रस नसतो ना!

प्रेक्षक हा शब्द आला म्हणून सांगतो. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर एक तरुण यूट्यूबर ताशी तीनशे किलोमीटरचा आकडा गाठण्याच्या नादात गेला, अशा बातम्या आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूत लक्षावधी चाहते असलेला दुसरा एक जण महामार्गावर पुढचे चाक उचलताना पडला. मद्रास उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना त्याला खरमरीत सुनावले आणि परिवहन खात्याने त्याचा परवाना दहा वर्षांसाठी काढून घेतला. या दोघांनी वेग कॅमेऱ्यामुळे वाढवला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वेगवेडे माझ्या तरुणपणीही होते, येझदीवर होते. पण तेव्हा फार तर चौकातले चार मित्र पाहत. वेगाचा काटा चौकटीत यावा म्हणून कॅमेऱ्याची जागा निवडणारा माणूस गाडीवर एकटा बसलेला नसतो, त्याच्या मागे सगळा गाव बसलेला असतो, आणि तो म्हणत असतो : आणखी थोडे!

भाच्याने शेवटी काय केले, असे कुणी विचारील. त्याने कॅमेरा आरशाच्या दांडीवर रबरी गादीच्या बैठकीत बसवला, वेगाचा काटा चौकटीबाहेर राहील असा. माझ्यासाठी नव्हे, त्याच्या बायकोने सांगितले म्हणून. चित्रात मामाला धबधबे कमी दिसतात, याबद्दल तो दिलगीर आहे.

ज्यांना लावायचाच आहे त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. चिकटपट्टी लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि लावल्यावर एक रात्र तशीच ठेवावी. सकाळी चिकटवून सकाळीच निघणाऱ्यांचे कॅमेरे दरीत सापडतात, किंवा सापडत नाहीत. हँडलवरच्या कॅमेऱ्याला एक बारीक दोरी गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवावी, म्हणजे तो सुटला तरी मागून येणाऱ्याच्या तोंडावर जाणार नाही. बटण घरून निघतानाच दाबावे, चालत्या गाडीवर चाचपडू नये. आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे की नाही, हे दर वेळी पाहावे. बॅटरी पूर्ण उतरली की काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मागे जाते, आणि परवाचा अपघात भलत्याच वर्षाच्या पहिल्या जानेवारीला घडलेला दिसतो.